महाडची बारा अक्षरं

२००४ सालच्या पावसाळ्यात महाडच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून मी कॉम्प्युटरला विचारलं, ‘महाड’ या शब्दाची लांबी किती? उत्तर आलं, १२.

म, हा, ड. बालवाडीतलं पोर टाळ्या वाजवून तीन मोजेल. एखाद्या कडक मास्तरांनी काना वेगळा धरला, तर ताणून चार. बारा कुणीच म्हणणार नाही.

विचारायचं कारण साधं होतं. तालुक्यातल्या एका संस्थेचं संकेतस्थळ करायचं काम माझ्याकडे आलं होतं. पहिल्या पानावर बातम्यांचे मथळे एका चौकटीत बसवायचे होते. मथळा लांबला की पन्नास अक्षरांवर कापायचा आणि पुढे तीन टिंबं टाकायची. इंग्रजी मजकुरासाठी हे एका ओळीचं काम. मराठी मथळे मात्र चौकटीच्या अर्ध्यातच तुटायचे आणि शेवटच्या अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन दिसायचा. संस्थेच्या सचिवांनी पान बघितलं आणि म्हणाले, “अहो, हे दात पडल्यासारखं काय दिसतंय?”

माझ्या हातात होती पीएचपी. वेब सर्व्हरच्या पोटात राहणारी भाषा. ती अक्षरं मोजतच नव्हती, बाइट मोजत होती. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ते व्यंजन असो की काना, युटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट खाते. म, ह, काना, ड. चार त्रिक बारा. पन्नासावर कापलं की सोळा खुणा पुऱ्या व्हायच्या आणि सतराव्या खुणेचे तीनपैकी दोनच बाइट हाती राहायचे. तोच तो चौकोन. युटीएफ-८चा आराखडा केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडला होता, आणि तो उत्तमच होता. चूक त्यांची नव्हती. मग ही बाइट मोजणारी भाषा सर्व्हरच्या घरात शिरली कशी, आणि जगभर तीच का पसरली, याचा शोध मला पुढची बरीच वर्षं पुरला.

वेब सर्व्हर हा मुळात एक कारकून. कपाटातला अमुक कागद द्या म्हटलं की काढून द्यायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मकूल या विद्यार्थ्याने असा एक सर्व्हर लिहिला आणि फुकट वाटला. पण कागद आधीपासून तयार नसेल तर? कुणी नाव भरलं, त्याला त्याच्या नावानिशी उत्तर द्यायचं असेल तर? त्यासाठी १९९३मध्ये एक रीत ठरली, सीजीआय, म्हणजे कॉमन गेटवे इंटरफेस. सर्व्हरने बाहेरचा एखादा प्रोग्राम उठवायचा, आलेली माहिती त्याच्या हाती द्यायची आणि तो जे छापील ते जसंच्या तसं मागणाऱ्याला पाठवायचं. प्रोग्राम कुठल्याही भाषेत लिहा, सर्व्हरला त्याचं काही पडलेलं नाही.

रीत सुटसुटीत होती, पण महाग. पोलादपूरहून महाड १८-२० किलोमीटर. समजा पोलादपूरच्या स्टँडवर उतारू आला की दरवेळी त्याच्या एकट्यासाठी नवी गाडी जोडायची, नवा चालक नेमायचा, त्याला रस्ता पहिल्यापासून समजावून सांगायचा, आणि उतारू महाडला उतरला की गाडी भंगारात काढून चालकाला घरी पाठवायचं. दुसरा उतारू आला, पुन्हा तेच. सीजीआय अक्षरशः असं चालायचं. दर मागणीला नवी प्रक्रिया सुरू करायची, तिच्यात पर्ल भाषेचा दुभाष्या चढवायचा, त्याने लिपी, म्हणजे स्क्रिप्ट, पहिल्या ओळीपासून वाचायची, काम करायचं आणि मरून जायचं. दिवसाला पाचपन्नास माणसं येत होती तोवर चाललं.

तरी या रीतीनेच पहिली पिढी शिकली. लॅरी वॉलची पर्ल १९८७पासून सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या हाताशी होती, आणि मजकुराची चिरफाड करावी ती तिनेच. कोलोरॅडोतल्या मॅट राइट या शाळकरी मुलाने १९९५च्या सुमारास पर्लमधल्या छोट्या लिपी फुकट वाटायला सुरुवात केली, पाहुण्यांची वही, अर्ज ईमेलने पाठवणारी लिपी, येणाऱ्यांचा मोजपट्टा. जगातल्या हजारो हौशी लोकांनी त्या उचलल्या. त्यातली ईमेलची लिपी पुढे फुकट्या जाहिरातदारांनी परस्पर वापरून इतकी बदनाम केली की तिचं नाव काढलं की जुने लोक अजून कपाळाला हात लावतात.

१९९४च्या मध्यावर मकूल एनसीएसए सोडून गेला आणि सर्व्हरचं काम थंडावलं. वापरणारे मात्र वाढतच होते. ज्याला जो दोष सापडे तो त्यावर आपलं ठिगळ लावी आणि इतरांना ईमेलने पाठवी. ब्रायन बेहलेनडॉर्फ आणि क्लिफ स्कोल्निक यांनी ही ठिगळं गोळा करायला घेतली. १९९५च्या फेब्रुवारीअखेर आठ जणांचा गट जमला. रॉय फील्डिंग, रॉब हार्टिल, डेव्हिड रॉबिन्सन, रँडी टर्बुश, रॉबर्ट थाउ, अँड्र्यू विल्सन हे उरलेले सहा. एप्रिलमध्ये त्यांनी पहिली जाहीर आवृत्ती सोडली आणि तिला नाव दिलं अपाचे. इंग्रजीत ते ‘अ पॅची’, म्हणजे ‘ठिगळांचा सर्व्हर’ असंही ऐकू येतं. बेहलेनडॉर्फने पुढे सांगितलं की नाव अमेरिकेतल्या अपाचे जमातीवरून सुचलं होतं, कोटी मागाहून लक्षात आली. कोकणातल्या माणसाला दोन्ही पटेल. आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसाच तो सर्व्हर होता, आणि गोधडीइतकाच ऊबदार.

पण गोधडीत नवा खिसा कसा जोडणार? सर्व्हरला नवी गोष्ट शिकवायची तर त्याचा सगळा सी भाषेतला मजकूर उसवावा लागे. इथे रॉबर्ट थाउ कामी आला. त्याने सर्व्हरची रचनाच नव्याने आखली आणि तिला कामापुरतं नाव ठेवलं ‘शंबाला’. आपल्याकडे पुराणांत शंभल म्हणून ज्या गावी कल्की जन्म घेणार असं सांगितलंय, तेच नाव तिबेटमार्गे पश्चिमेला जाऊन शंबाला झालं आणि तिथून या सर्व्हरला लागलं. कल्की यायचा तेव्हा येवो, अपाचेचा नवा अवतार मात्र जुलै १९९५मध्ये गटाने स्वीकारला आणि १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचे १.० बाहेर पडला. एप्रिल १९९६मध्ये, नेटक्राफ्टच्या पाहणीनुसार, त्याने एनसीएसएच्या सर्व्हरला मागे टाकलं.

थाउने केलं काय ते ज्याने तलाठी कार्यालयात फेरफाराची नोंद घातली आहे त्याला चटकन कळेल. अर्ज आला की आधी नोंद, मग नोटिसा, हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, मग सातबाऱ्यावर बदल. प्रत्येक पायरी वेगळी, प्रत्येक पायरीवर बोलणारा माणूस वेगळा. अपाचेत आलेल्या मागणीचंही तसंच झालं. हा पत्ता कुठल्या फाइलचा? मागणारा कोण? त्याला परवानगी आहे का? कागद कुठल्या प्रकारचा? द्या. दिल्याची नोंद करा. यातल्या कुठल्याही पायरीवर परक्या माणसाने लिहिलेला तुकडा, म्हणजे मॉड्यूल, आपलं म्हणणं मांडू शकत होता. मूळ मजकुराला हात लावायची गरज नाही. सर्व्हरच्या घराला अशी दारं पडल्यावर भाषा आत शिरणार हे उघडच होतं.

पहिल्यांदा शिरलेल्यांत पर्ल होती. गिस्ले आस याने सुरुवात करून दिली होती, ती उचलून डग मॅकईचर्नने १९९६मध्ये मॉड-पर्ल उभं केलं. दुभाष्या आता सर्व्हरच्या पोटातच बसला. लिपी एकदा वाचली की स्मरणात तशीच राहायची, दर उतारूला गाडी जोडणं संपलं. शिवाय मॉड-पर्लला पानं बनवण्यापुरतं बांधून ठेवलं नव्हतं, वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीवर त्याला बोलता येत होतं. परवानगी तपासायचा नियम पर्लमध्ये लिहा, नोंदवही पर्लमध्ये लिहा. स्लॅशडॉटसारखी गर्दीची ठिकाणं यावरच चालली.

पण दुभाष्याला घरात कायमचं ठेवलं की त्याचा पसाराही घरातच. सीजीआयच्या काळात प्रोग्राम दरवेळी मरायचा, त्यामुळे लिहिणाऱ्याचा गबाळेपणा त्याच्यासोबत जळून जायचा. मॉड-पर्लमध्ये मागच्या मागणीतला उरलेला आकडा पुढच्या मागणीत निघू लागला. हॉटेलवाल्याने कप न विसळता पुढच्या गिऱ्हाइकाला चहा द्यावा, तसं. आणि अपाचेच्या एकेका प्रक्रियेत आख्खा पर्ल बसलेला असल्यामुळे साधं बोटभर चित्र द्यायलासुद्धा तेवढंच वजन उचलून उभं राहावं लागे. अमेरिकेत नॅव्हीसर्व्हर म्हणून एका सर्व्हरने याच सुमारास टिसीएल ही भाषा पोटात घेतली होती. एओएलने तो विकत घेतला आणि १९९९मध्ये मजकूर खुला केला. तोवर मात्र खेळ दुसऱ्याच भाषेच्या हाती गेला होता.

ती भाषा भाषा म्हणून जन्मलीच नाही. रासमुस लेरडोर्फ, जन्म ग्रीनलंडमधला, वाढला डेन्मार्क आणि कॅनडात. १९९४मध्ये त्याला आपला जीवनपट कोण कोण बघून जातं हे मोजायचं होतं, म्हणून त्याने सी भाषेत चार साधनं लिहिली. ८ जून १९९५ रोजी ती ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने सगळ्यांना देऊन टाकली. पुढच्या वर्षी त्यात डेटाबेसशी बोलायची सोय आली, मग अपाचेच्या पोटात बसणारं रूप आलं. आपण भाषा घडवायला निघालोच नव्हतो, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. तो बरोबर सांगतो. पीएचपीची घडण बघितली की दर पिढीत एकेक पडवी काढत नेलेलं घर आठवतं.

ती जिंकली ती दोन कारणांनी, आणि दुसरं कारण लोक सहसा विसरतात.

पहिलं, तिचा मजकूर पानातच लिहिला जायचा. आधी एचटीएमएल, मध्येच दोन ओळी पीएचपी, पुन्हा एचटीएमएल. पर्लमध्ये प्रोग्राम पान छापायचा, इथे पानालाच अधूनमधून प्रोग्राम फुटायचा. ज्याला फक्त पान करता येत होतं तोही तीन दिवसांत काहीतरी चालतं करून दाखवायचा. मीही त्यातलाच.

दुसरं, पीएचपी सर्व्हरच्या घरात राहायची, पण दर मागणीनंतर आपली खोली धुऊन पुसून रिकामी करायची. पुढच्या मागणीला मागचं काही दिसत नसे. मॉड-पर्लच्या हाती मात्र घराच्या सगळ्या किल्ल्या. एका यंत्रावर पाचशे अनोळखी गिऱ्हाइकं बसवणारा जागावाला मॉड-पर्ल कुणाच्या हाती देईल? तो पीएचपी देईल. त्याने तेच केलं. मी ज्या काळाबद्दल लिहितोय त्या काळी वर्षाला दोनेक हजार रुपयांत जागा, डेटाबेस आणि पीएचपी मिळायची. महाडच्या बाजारातल्या माणसाला परवडेल असं जगातल्या सर्व्हरवरचं ते पहिलं बिऱ्हाड.

हायफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमान्स या दोन विद्यार्थ्यांना अभ्यासातल्या एका प्रकल्पासाठी पीएचपी अपुरी पडली, म्हणून त्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला. लेरडोर्फने तो आपला मानला. ही तिसरी आवृत्ती जून १९९८ची. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेटक्राफ्टच्या पाहणीत जवळपास ६०,००० डोमेनवर पीएचपीची खूण दिसली होती, म्हणजे तेव्हाच्या एकूण डोमेनच्या सुमारे १ टक्का. मे २०००मध्ये चौथी आवृत्ती आली, झेंड इंजिनावर बसलेली. झेंड हे झीव आणि अँडी या दोन नावांतून जुळवलेलं. यानंतर तिला थांबवणारं कुणी नव्हतं. ड्रुपल, वर्डप्रेस, विकिपीडियाचं मीडियाविकी, सगळी पीएचपीची पोरं. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्यातलाच. १९९६पासून चालू असलेली मायबोली पुढे ड्रुपलवर गेली, मनोगत आणि मिसळपावही ड्रुपलवरच उभी राहिली. मराठी माणसाने आंतरजालावर जे काही सामुदायिक लिहिलं त्यातलं बरंचसं या बाइट मोजणाऱ्या भाषेच्या हातून गेलं आहे.

आमच्याकडे ती आली संचारनेटवरून. बीएसएनएलची तार, फोनला जोडलेला मोडेम, त्याची ती किरकिर. जुलैत सावित्री आणि गांधारी भरून वाहू लागल्या की तार आधी जायची. पोटमाळ्यावर पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवरून चढवलेला लिनक्स होता, त्यात अपाचे आणि पीएचपी आयते मिळाले. पाऊस लागला की घरचा सर्व्हर आपल्याच यंत्रावर चालू ठेवायचा, आपणच मागणारे, आपणच देणारे, आणि उघडीप मिळाली की सगळं एकदम परदेशातल्या भाड्याच्या जागेवर चढवायचं. लोणेऱ्याच्या विद्यापीठातली मुलं कधीमधी येऊन बसायची. त्यांना पुस्तकात जावा असे आणि मनात पीएचपी.

भाड्याच्या घराचे चटके बसलेच. अपाचे बहुतेक ठिकाणी ‘नोबडी’ नावाच्या वापरकर्त्याच्या नावावर चालायचा. इंग्रजीत नाव ‘कुणीच नाही’, अधिकार मात्र सगळ्या बिऱ्हाडांत डोकवायचे. माझी लिपीही नोबडी, शेजाऱ्याचीही नोबडी. एकाच्या खिडकीला कडी नसेल तर चोर सगळ्या चाळीत फिरून येणार. एका सकाळी संस्थेचं पहिलं पान उघडलं तर मथळ्यांच्या जागी परक्या देशाचा झेंडा आणि खाली इंग्रजीत शिव्या. जागावाल्याला फोन केला, तर त्यानं सांगितलं की त्या यंत्रावरची सगळीच संकेतस्थळं गेली आहेत. त्या दिवशी मी फक्त प्रत पुन्हा चढवली. संस्थेला काय सांगितलं ते इथे सांगत नाही.

पीएचपीने यावर जे उपाय केले ते बहुतांशी दाराला खुर्ची लावण्यासारखे होते. ‘सेफ मोड’ म्हणून एक बंधन होतं, ते पाळायचं काम सर्व्हरचं नव्हे तर भाषेचं, म्हणून जिथे तिथे फटी. अर्जात भरलेली प्रत्येक गोष्ट आपोआप चल होऊन लिपीत अवतरायची ती जुनी सवय ४.२ आवृत्तीत, २००२ साली, मुळात बंद ठेवली गेली. दोन्ही गोष्टी पुरत्या हद्दपार झाल्या २०१२च्या ५.४ आवृत्तीत. तोवर किती पानांवर किती झेंडे फडकले असतील देव जाणे.

आता पुन्हा त्या बारा अक्षरांकडे.

जपान्यांना हा त्रास आमच्या आधी झाला होता. त्यांची अक्षरंही एका बाइटात मावत नव्हती, म्हणून जपानी प्रोग्रामरांनी ‘एमबी-स्ट्रिंग’ नावाचा जोड लिहिला आणि २००१पासून तो पीएचपीसोबत येऊ लागला. त्याला ‘महाड’ची लांबी विचारली की तो चार म्हणायचा. तीन नाही, पण माणसात आल्यासारखं उत्तर. अडचण एवढीच की भाड्याच्या जागेवर तो चालू करून द्यायचं जागावाल्याच्या मर्जीवर. माझ्या जागेवर नव्हता. मी रात्र घालवून ओळींची एक जंत्री लिहिली, जी दर बाइटाचा पहिला आकडा बघून अक्षर कुठे सुरू होतं हे ओळखायची, आणि तिथेच कापायची. मथळ्यांचे दात परत आले. सचिव काही बोलले नाहीत, म्हणजे काम झालं होतं.

मोठा उपाय करायला निघालेले लोकही होते. २००५मध्ये पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीचं काम सुरू झालं, आंद्रेई झ्मियेव्स्कीच्या पुढाकाराने. ठरलं असं की भाषेच्या गाभ्यातच अक्षर म्हणजे युनिकोड अक्षर. आत सगळं युटीएफ-१६मध्ये ठेवायचं, आत येताना बदलायचं, बाहेर जाताना पुन्हा बदलायचं. कागदावर सुंदर. करताना प्रत्येक जोड नव्याने लिहावा लागला, वेग घसरला, स्मरण दुप्पट लागू लागलं, आणि ज्यांना हे लिहायचं होतं त्यांतल्या बहुतेकांना स्वतःच्या भाषेत ही अडचण कधी आलीच नव्हती. मार्च २०१०मध्ये काम गुंडाळलं गेलं. सहाव्या आवृत्तीची पुस्तकं छापून विकली जात होती, आवृत्ती मात्र आलीच नाही. पुढे २०१५च्या डिसेंबरात थेट सातवी आली. मला यात कुणाची दुष्टाई दिसत नाही. भाषा घरात घेताना ती कुणाची अक्षरं ओळखते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि पंधरा वर्षं राहिलेल्या भाडेकरूला पुन्हा बाराखडी शिकवणं जड गेलं.

याच वर्षांत सर्व्हरच्या घराची रीतही उलटली. रशियात रॅम्बलर या मोठ्या संकेतस्थळाचं यंत्र सांभाळणाऱ्या इगोर सिसोएव्हने २००४च्या ऑक्टोबरात एंजिनएक्स नावाचा सर्व्हर जाहीर केला. अपाचे दर मागणाऱ्यासाठी एक माणूस उभा करायचा, इथे मूठभर माणसं हजारोंना एकाच वेळी सांभाळायची, कुणाचंही उत्तर येईपर्यंत हात बांधून न थांबता. अशा घरात पीएचपीसारखी निवांत बोलणारी भाषा ठेवली तर सगळी रांगच खोळंबणार. म्हणून तिला पुन्हा बाहेर काढलं गेलं. मात्र सीजीआयच्या जुन्या रीतीने नव्हे. ओपन मार्केट या कंपनीने १९९६मध्येच फास्ट-सीजीआय म्हणून रीत सुचवली होती, ती आता उपयोगी पडली. पोलादपूरच्या स्टँडवर मिनीडोर लागलेले असतात, सहा उतारू भरले की महाड, तिथून पुन्हा पोलादपूर. गाडी तीच, चालक तोच, रस्ता पाठ. पीएचपी-एफपीएम नावाची ही व्यवस्था २०१०च्या जुलैत पीएचपीच्या ५.३.३ आवृत्तीत सामील झाली, आणि आज पीएचपी बहुतेक ठिकाणी अशीच चालते.

मग घरात कोण? तिथे आली लुआ. रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३मध्ये तिघांनी घडवलेली भाषा, पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. ती इतकी लहान की दुसऱ्या प्रोग्रामच्या खिशात राहण्यासाठीच जन्मल्यासारखी. चीनमधल्या ताओबाओ या बाजारात काम करणाऱ्या यीचुन झांग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९-१०च्या सुमारास ती एंजिनएक्सच्या पोटात बसवली. कारागिरी बघण्यासारखी आहे. लिहिणारा सरळ लिहितो, डेटाबेसला विचार, उत्तर घे, पान दे. पण ‘विचार’ म्हटल्यावर लुआ तिथल्या तिथे थिजते, एंजिनएक्स तिला बाजूला ठेवून दुसऱ्यांकडे जातो आणि उत्तर आलं की तिला त्याच ओळीवरून पुन्हा जागं करतो. लिहिणाऱ्याला यातलं काही कळत नाही. अपाचेनेही २०१२च्या फेब्रुवारीत २.४ आवृत्तीसोबत लुआचं मॉड्यूल दिलं. विकिपीडियाने २०१३मध्ये साचे हलके करायला लुआच घेतली. पीएचपीच्या पोटात लुआ, म्हणजे भाडेकरूने ठेवलेला पोटभाडेकरू. मराठी विकिपीडियावरच्या कित्येक माहितीचौकटी आता हा पोटभाडेकरूच भरतो.

घरातली भाषा बिघडली तर काय होतं हेही एकदा जगाने बघितलं. क्लाउडफ्लेअर ही कंपनी अगणित संकेतस्थळांच्या दारात रखवालदार म्हणून उभी असते, आणि तिचे रखवालीचे नियम तेव्हा एंजिनएक्समधल्या लुआवर चालायचे. २ जुलै २०१९ रोजी तिथल्या एका अभियंत्याने नियमांत एक बारीक बदल जगभर पाठवला. त्यातला एक शोधनमुना असा होता की मजकूर जुळतो का हे तपासताना तो मागे मागे येऊन पुन्हा पुन्हा तेच करत राही. सगळ्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले आणि जवळपास अर्धा तास जगातली कित्येक संकेतस्थळं उघडेनात. बदल पाठवला तेव्हा भारतात वेळ होती संध्याकाळचे ७ वाजून १२ मिनिटं. सातबारा. आमच्याकडच्या माणसाला यात शकून दिसला तर त्याला दोष देऊ नये.

जुलै २०२१च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानाचा तळमजला चिखलाने भरला, पोटमाळ्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत पाणी येऊन थांबलं होतं. साफसफाईत एका खोक्यात जुन्या सीड्या निघाल्या, ओल धरलेल्या. नळाखाली धुऊन, पंच्याने पुसून एकेक लावून बघितल्या. तिसरीवर २००४चं ते संकेतस्थळ होतं, माझी रात्रभराची जंत्रीही होती.

नव्या लॅपटॉपवर पीएचपीची आठवी आवृत्ती होती. जुनी ओळ चालवली. ‘महाड’ची लांबी, १२. तिने सतरा वर्षांत आपलं मत बदललं नव्हतं. एमबीवालीने सांगितलं ४. मग ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर, मोजणारी, जी २००९पासून ५.३ आवृत्तीच्या जोडीला मिळू लागली, ती चालवली. ३. मला इतका आनंद झाला की खाली चिखल उपसणाऱ्या भावाला हाक मारली. तो घमेलं घेऊन वर आला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तीनच आहेत की. मग?”

तो गेल्यावर मी ‘पोलादपूर’ लिहिलं, पाच. ‘गांधारी’, तीन. ‘सावित्री’ लिहिलं तर उत्तर आलं ४. सा, वि, त्, री. हलन्त त वेगळा. जोडाक्षर तिला अजून एकजीव दिसत नव्हतं. सप्टेंबर २०२३मध्ये युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत नवा नियम आला, की देवनागरीसारख्या लिप्यांत पाय मोडून जोडलेली व्यंजनं मोजताना तोडायची नाहीत. पुढच्या पावसाळ्यात लॅपटॉपवरचं सगळं अद्ययावत केलं आणि नदीचं नाव पुन्हा विचारलं.

सा, वि, त्री. ३.